'फ्लो टाइम'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : वाळूजच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी प्रशिक्षणाचे काम पाहतो. पैठण, गंगापूर, वैजापूरकडून आयटीआय करून आलेल्या मुलांसाठी कामाची पुस्तिका मराठीत करायची आहे. 'फ्लो टाइम'साठी मी 'प्रवाहकाळ' असे लिहिले, तर जायकवाडीच्या कालव्याला पाणी किती दिवस राहणार याबद्दल ते काही असावे, असा एकाचा समज झाला. 'क्वालिटी कंट्रोल'साठी 'गुणवत्ता नियंत्रण' लिहिले आहे, पण तेही फारसे पोचत नाही. आपण काय सुचवाल?

उत्तर : त्या मुलाचे काही चुकले नाही, कारण 'प्रवाह' म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे वाहते पाणी येते आणि कारखान्यातला माल बहुतेक वेळ वाहत नसतोच. एक नग लेथवर चढून उतरेपर्यंत दोन मिनिटे लागत असतील, तर ती मोजायला 'सायकल टाइम' हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे आणि तो तसाच ठेवावा. परंतु कच्चा माल दाराशी उतरल्यापासून तयार नग गाडीत चढेपर्यंतचा सगळा काळ, ज्यात ट्रॉलीवर पडून राहणे, माप तपासण्याचा गेज मोकळा होण्याची वाट पाहणे आणि प्लेटिंगला, म्हणजे धातूचा मुलामा द्यायला, बाहेर जाऊन येणे हेही आले, त्याला मी 'मुक्काम' म्हणेन. मुक्कामात चालणे आणि थांबणे वेगळे काढावे लागत नाही; पाहुणा किती दिवस होता, एवढेच त्यात मोजतात.

हा मुक्काम काढायला प्रत्येक नगामागे घड्याळ घेऊन धावावे लागत नाही. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम असा की, काम स्थिरपणे चालू असेल तर आत असलेल्या नगांची सरासरी संख्या म्हणजे नग बाहेर पडण्याचा वेग गुणिले सरासरी मुक्काम. समजा, कारखान्यात सरासरी 600 नग आहेत आणि रोज 120 बाहेर पडतात. तर मुक्काम 5 दिवसांचा झाला. प्रत्यक्ष यंत्रावरचा वेळ नगामागे 12 मिनिटेच असेल, तर बाकीचा वेळ कुठे गेला हे पोरे आपणहून विचारतील.

'टॅक्ट टाइम', म्हणजे मागणी पुरी करायला दर किती वेळाने एक नग तयार व्हायला हवा, याबद्दल आपण विचारले नाही, तरी तो पुस्तिकेत येणारच. 'टॅक्ट' हा मूळ जर्मन शब्द आणि त्याचा एक अर्थ संगीतातला ताल, म्हणून तिथे 'ताल' म्हणायला माझी हरकत नाही. पाळीत कामाचे 27,000 सेकंद आणि गिऱ्हाइकाची मागणी 450 नगांची असेल, तर ताल 60 सेकंदांचा.

आक्षेप : मी लातूरचा आहे, म्हणून डाळमिलचे उदाहरण देतो. तुरीला तेल चोळून, पाणी मारून ती उन्हात पसरतात, तेव्हा तिला कोणी हात लावत नाही. तरी ते पडून राहणे नव्हे, कारण त्याशिवाय टरफल सुटत नाही. 'मुक्काम' म्हटल्यावर हे वाळवणही वाया गेलेल्या वेळेत धरले जाईल.

उत्तर : आक्षेप रास्त आहे आणि त्यामुळे आणखी एक शब्द घ्यावा लागेल. ऊन खाण्याचे दिवस मुक्कामात धरावेत, खोळंब्यात धरू नयेत. वाळलेली तूर पोत्यात भरून मशीन रिकामी होण्याची वाट पाहत राहते, तो खोळंबा. मुक्कामातून माल बदलणारे काम वजा केले की खोळंबा उरतो आणि कमी करायचा तो हाच.

आता 'गुणवत्ता नियंत्रण'. लातूरकरांपुढे 'गुणवत्ता' म्हटले की आधी बोर्डाची यादी आठवते, आणि खेड्यात 'कंट्रोल' म्हणजे अजूनही रेशनचे दुकान. मालाच्या बाबतीत आपण 'दर्जा' म्हणतो, म्हणून 'दर्जा नियंत्रण' बरे. मात्र त्याला 'तपासणी' म्हणू नये, ही माझी खरी तक्रार आहे. शेवटच्या टेबलावर गो-नो-गो गेज (माप मर्यादेत आहे की नाही एवढेच सांगणारा) लावून खराब नग लाल पेटीत टाकणे ही तपासणी. यंत्र चालू असतानाच दर तासाला चार-पाच नग मोजून माप कुठे सरकते आहे हे पाहणे आणि नग बाद होण्याआधी टूल बदलणे, हे नियंत्रण. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 मध्ये मांडलेला नियंत्रण-आलेख याच कामाचा आहे.

शिवाय दोन्ही शब्द एकमेकांना लागून आहेत. पहिल्याच यंत्रावर माप बिघडले आणि तपासणी फक्त शेवटी असेल, तर 5 दिवसांच्या मुक्कामात चूक कळेपर्यंत मागे जवळजवळ 600 नग तसेच तयार होत आलेले असतात. मुक्काम 1 दिवसाचा असता, तर 120 वर भागले असते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. 'मुक्काम', 'खोळंबा' आणि 'दर्जा नियंत्रण' घेतले. 'ताल' मात्र कंसात ठेवला, सुपरवायझर हसतात. ट्रॉलीच्या टॅगवर आजवर फक्त नगांची संख्या असे, तिथे 'आत आला' आणि 'बाहेर गेला' असे तारीख-वेळेचे दोन रकाने वाढवले आहेत. पहिल्या आठवड्यात दुसरा रकाना बहुतेकांनी कोराच सोडला.