ब्र्युनिंगपुढे खरंच दुसरा मार्ग नव्हता?

अनघा:
काल इथे कुणीतरी लिहिलं, 'हाइनरिश ब्र्युनिंग परिस्थितीचा बळी. त्याच्या जागी कुणीही असता तरी खर्चच कापला असता.' तेव्हापासून डोकं तापलंय. मार्च १९३० ते मे १९३२ हा माणूस जर्मनीचा चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख होता. संसदेने त्याचा आर्थिक प्रस्ताव फेटाळला, तर राज्यघटनेच्या कलम ४८ खाली राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गच्या सहीने वटहुकूम. संसदेने तोही रद्द करायला लावला, तर संसदच बरखास्त! सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझी १२ वरून थेट १०७ जागांवर. तरी धोरण तेच. डिसेंबर १९३१ च्या वटहुकुमाने मजुरी जानेवारी १९२७ च्या पातळीला नेली. १९३२ च्या सुरुवातीला ६० लाख बेकार. लोक 'भुकेचा चॅन्सेलर' म्हणायचे, ते उगाच नाही.

दिगंबर:
ते वाक्य माझं आहे आणि मी ते मागे घेत नाही. पैसे आणायचे कुठून, ते सांगा. परदेशी कर्जं आटलेली, जुलै १९३१ मध्ये डानाटसारखी मोठी बँक बुडाली, नोटांमागे ४० टक्के सोनं किंवा परकी चलन ठेवायचं बंधन. नोटा छापल्या असत्या तर पुन्हा १९२३ सारखी चलनवाढ, पैसा कवडीमोल.

अनघा:
१९२३ चा बागुलबुवा नको. १९३१ मध्ये किमती पडत होत्या!

श्रीरंग:
बागुलबुवा? जर्मनीत एसेनमध्ये अकरा वर्षं राहतोय. आमच्या म्हाताऱ्या घरमालकीणबाईंच्या आजीने शिलाई करून साठवलेल्या पैशांत १९२३ ला एक पाव आला. बाई आजही कर्ज म्हटलं की दचकतात. हे पुस्तकात वाचून कळत नाही.

मेधा:
मग माझंही ऐका. वडिलांचा पगार कापला तेव्हा आईने आधी दूध निम्म्यावर आणलं, मग शिंप्याकडे जाणं बंद. गल्लीत सगळ्यांचं तेच. वर्षभरात शिंप्याने दुकान बंद केलं. सरकारनेही पोट आवळलं तर शिंप्याने कुणाकडे बघायचं?

दिगंबर:
घरगुती गोष्टींवर देश चालत नाही, मेधाताई.

मेधा:
श्रीरंगच्या घरमालकिणीची आजी चालते, माझे वडील नाही? जानेवारी १९३२ मध्ये कामगार संघटनांचीच योजना होती, वॉयटिन्स्की, टार्नो आणि बाडे या तिघांनी मांडलेली. सरकारी कामांवर २०० कोटी मार्क, १० लाख लोकांना रोजगार. मार्ग नव्हता कसा?

दिगंबर:
त्या योजनेला समाजवादी नेता हिल्फरडिंगनेच विरोध केला, तेही चलनवाढीच्या भीतीने. सगळं खापर एकट्या ब्र्युनिंगवर का? पहिल्या महायुद्धाबद्दल जर्मनीला भरावी लागणारी नुकसानभरपाई संपवायची होती त्याला. मे मध्ये संसदेत म्हणाला, ध्येय शंभर मीटरवर आहे. महिनाअखेरीस हिंडेनबुर्गने त्याला पदावरून काढलं. जुलैत लोझानच्या परिषदेत नुकसानभरपाई जवळजवळ संपली, श्रेय त्याच्यानंतरचा चॅन्सेलर फॉन पापेनला.

अनघा:
लोझानचं मान्य. पण त्या शंभर मीटरचं भाडं बेकारांनी भरलं, आणि जुलैच्याच निवडणुकीत नाझींना २३० जागा.

दिगंबर:
डिसेंबरची मजुरीकपात अति होती, एवढं लिहून ठेवा. त्यापुढे एक अक्षर मान्य नाही.

श्रीरंग:
बाईंना आत्ता विचारलं. आजी १९२३ बद्दल बोलायची. आजोबा खाणीत होते, ते १९३२ बद्दल. दोन वर्षं घरी बसून काढली त्यांनी. हे मला बाईंनी आजवर सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.