अंधाराला वेळ द्या

लहानपणी उन्हाळ्यात उघड्यावर झोपल्यावर दिसायचे तेवढे तारे आता दिसतच नाहीत, अशी तक्रार बऱ्याचदा ऐकू येते. दिव्यांचा उजेड वाढलाय, हे खरंच. पण अर्धा दोष आपलाही आहे. तेव्हा आपण अंथरुणावर पडून तासभर नुसतं वर बघत असायचो. आता पाच मिनिटं मान वर आणि लगेच हातात मोबाईल. डोळ्यांना अंधाराची नीट सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ती क्षणात घालवतो. मागच्या वेळी तारे बघायला मुक्कामी गेलो होतो, तेव्हा माझं नेमकं हेच झालं. आकाशगंगेचा पट्टा उमटायला लागला होता, तेवढ्यात कुणीतरी चप्पल शोधायला बॅटरी मारली, थेट तोंडावर! पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तेव्हापासून बॅटरीवर लाल जिलेटिन कागद गुंडाळून नेतो. मंद लाल उजेडाने फारसं बिघडत नाही.

अजून एक गंमत. अंधुक गोष्टीकडे रोखून बघू नका, किंचित बाजूला बघा. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या, अगदी मध्यभागी मंद उजेड टिपणाऱ्या दंडपेशी नसतातच, त्या कडेला दाट असतात. वृश्चिक राशीतल्या विंचवाच्या नांगीजवळ एक धुरकट ठिपका आहे, तो खरं तर तारकागुच्छ, म्हणजे ताऱ्यांचा पुंजका. सरळ पाहिलं तर जेमतेम जाणवतो. नजर जरा तिरकी केली की आत दोन-चार बारीक ठिणग्या लुकलुकतात.