एक्स स्टँड, घसरणारं सस्टेन पेडल आणि आखडलेला पाय

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेतला. त्याआधी ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर शिकत होते, तेव्हा सस्टेन पेडल (पायाने दाबून स्वर लांबवायचं साधन) हा विषयच नव्हता. जागा कमी, म्हणून डबल एक्स स्टँड (एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या नळ्यांचा) घेतला. पियानोबरोबर आलेलं पेडल म्हणजे साबणाच्या वडीएवढी काळी चौकोनी डबी. खाली विट्रिफाइड टाइल्स. एक पान वाजवून होईपर्यंत डबी भिंतीकडे निघालेली असते. मी पायाने चाचपत तिला परत ओढते, तोवर लय गेलेली.

दुसरा त्रास असा की पेडल मध्यावर ठेवलं तर स्टँडच्या तिरप्या नळीवर नडगी आपटते. म्हणून ते नळीच्या पलीकडे, पार उजवीकडे ठेवलंय. मग उजवा पाय फाकवून बसावं लागतं आणि तासाभराने घोटा भरून येतो, मांडीही ओढल्यासारखी होते. आमच्या पियानोच्या मॅडमकडे अप्राइट (खरा, उभा पियानो) आहे, तिथे यातलं काहीच होत नाही.

माझी उंची ५ फूट १ इंच. बसायला डायनिंगची खुर्ची, आणि ती बुटकी असल्यामुळे स्टँडही खालच्या खाचेत लावलाय. आठ वर्षांची मुलगीही याच पियानोवर शिकते. घर भाड्याचं, त्यामुळे टाइल्सवर काही चिकटवायचं नाही. नवं पेडल घेऊ की नवा स्टँड? की दोन्ही?

सोपान_सोलो

योगा मॅट टाका खाली. विषय संपला.

पायपेटीवाला

योगा मॅटने डबी घसरायची थांबेल, पण ताईंचा घोटा काही सुटणार नाही. पाय फाकलेलाच राहणार, फक्त आता पक्क्या जागेवर फाकलेला.

ताई, आधी माझी ओळख म्हणजे सल्ल्याचं वजन तुम्हाला ठरवता येईल. बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला, आता पुण्यात पियानो दुरुस्तीची आणि ट्यूनिंगची कामं करतो. घरोघरी जाणं होतं. डिजिटलवाल्यांकडे नव्वद टक्के वेळा एकच चित्र दिसतं. पेडल जिथे मावलं तिथे ठेवलेलं, आणि माणूस त्याच्या मागे पाय घेऊन फिरतोय. क्रम उलटा हवा. आधी बैठक, मग पाय, आणि पाय जिथे पडेल तिथे पेडल.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच शेवटी लिहिलंय. खुर्ची बुटकी म्हणून स्टँड खाली घेतला. एक्स स्टँड खाली घेतला की एक्स आडवा पसरतो, मधला जोड खाली येतो आणि तिरप्या नळ्या नेमक्या नडगीच्या वाटेत येतात. मग पेडल बाहेर ढकलावं लागतं. म्हणजे घोटा दुखतोय तो पेडलमुळे नाही, डायनिंगच्या खुर्चीमुळे.

टेप घेऊन जमिनीपासून पांढऱ्या पट्टीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत मोजा. साध्या पियानोला हे अंतर साधारण ७२ ते ७४ सेंटिमीटर भरतं. तुमचं नक्की कमी असणार. स्टँड वरच्या खाचेत घेऊन तेवढं करा. समजा पियानो ७ सेंमी वर गेला, तर एक्सचा जोड त्याच्या निम्मा, म्हणजे साडेतीन सेंमी वर जातो. ऐकायला कमी वाटेल, पण नडगी आणि नळी यांच्यात तेवढी दोन बोटं मोकळी झाली की काम होतं. स्टँड उंच झाला की खालचा पसारा आवळतो आणि थोडा डुलतो, म्हणून मधला नट नीट आवळून घ्या. डबल एक्स आहे, फार डुलणार नाही.

आता खुर्ची. पियानो वर गेला तर तुम्हीही वर जायला हव्यात. हात पट्ट्यांवर ठेवल्यावर कोपर पट्टीच्या पातळीत किंवा केसभर वर. उंची बदलता येणारा पियानो बेंच मिळाला तर उत्तम, नाहीतर खुर्चीवर प्लायचा तुकडा आणि त्यावर घट्ट उशी. मऊ फोमची नको, त्यात माणूस रुततो आणि पेडल दाबताना कंबर हलते. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावरच बसायचं, पाठीला टेका नाही.

मग पाय. ८८ पट्ट्यांचा मध्य मिडल सी (मधल्या सप्तकाचा सी स्वर) वर येत नाही, तो त्याच्या उजवीकडच्या ई आणि एफच्या मधल्या फटीवर येतो. बेंबी त्या फटीसमोर. खऱ्या पियानोची तीन पेडल्स मध्यावर असतात आणि उजवं पेडल मध्यापासून साधारण तीन पांढऱ्या पट्ट्या उजवीकडे, म्हणजे ए आणि बीच्या आसपास खाली येतं. मॅडमच्या अप्राइटवर त्रास होत नाही तो यामुळेच. गुडघे नैसर्गिक अंतरावर ठेवले की उजवं पाऊल आपसूक तिथे जातं. तुमचं पेडल नळीच्या पलीकडे म्हणजे वरच्या सप्तकाच्या खाली कुठेतरी गेलेलं असणार.

हात पट्ट्यांवर ठेवा, खाली बघू नका, उजवा पाय जरा उचलून सोडून द्या. गुडघ्याचा कोन काटकोनापेक्षा थोडा उघडा असला पाहिजे, म्हणजे पाऊल गुडघ्याच्या किंचित पुढे. चवडा जिथे टेकला तिथे खडूने खूण करा. पेडलचं तुमच्याकडचं टोक तिथे. टाच जमिनीवर रोवलेली, चवडा पेडलवर, आणि हालचाल फक्त घोट्यातून. टाच उचलून दाबणारे मांडीने दाबतात. त्यांचं पेडल धप्प धप्प वाजतं आणि मांडी ओढल्याची तक्रारही त्यांचीच असते. पेडल फार लांब असलं की टाच उचलतेच, हेही तपासा.

आता घसरण. पेडल दाबताना आपण नुसतं खाली दाबत नाही, थोडं पुढेही ढकलतो. डबी हलकी, टाइल गुळगुळीत, मग ती जाणारच. तिला थांबवायला टेप नको, तुमचं स्वतःचं वजन पुरे. सुताराकडून १२ मिलिमीटर प्लायचा तुकडा कापून घ्या, रुंदी फूटभर, लांबी दोन फूट. पेडल पुढच्या टोकाला आणि टाच टेकेल ती जागाही त्याच फळीवर. तुमच्याच टाचेच्या वजनाने फळी जागची हलत नाही. पेडल आणि टाच दोन्ही १२ मिलिमीटरच वर गेल्यामुळे घोट्याचा कोनही बदलत नाही. डबीच्या तिन्ही बाजूंना बिडिंगची (बारीक लाकडी) पट्टी फेविकॉल आणि बारीक खिळ्यांनी ठोका, म्हणजे डबी खोबणीत बसते आणि वायर मागून मोकळी निघते. पेडलच्या बुडाला वेल्क्रो लावायला सांगणारे भेटतील, पण रबरी बुडावर त्याचा गोंद फार दिवस धरत नाही. फळीखाली मात्र ड्रॉवरमध्ये घालतात ती जाळीची अँटिस्किड शीट जरूर घाला. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. टाइल्सना काही होत नाही, घरमालकालाही काही होत नाही.

इतकं करून नडगी लागलीच, तर मगच स्टँड बदला. मला विचाराल तर एक्स स्टँड हा उभं राहून वाजवणाऱ्यांचा आणि रात्री दोनला टेम्पोत सामान भरणाऱ्यांचा स्टँड. बसून शिकणाऱ्याने चार पायांचा टेबल पद्धतीचा घ्यावा, खाली सगळी जागा मोकळी. झेड पद्धतीचाही चालतो, फक्त त्याची खालची आडवी पट्टी पेडलच्या जागेवर येत नाही ना ते दुकानातच बसून बघा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

जर्सीतला_जोशी

पायपेटीवाले काकांच्या फळीला माझं अनुमोदन. एक भर घालतो. रोलँडचं डीपी-१० पेडल बघा, त्याला खालून एक रबरी जीभ बाहेर उघडते आणि टाच तिच्यावर येते. म्हणजे फळीचीच कल्पना, पेडलमध्येच घातलेली. शिवाय ते खऱ्या पियानोसारखं लांब, धातूचं आहे. माझ्याकडे लाकडी जमीन आहे, तिथे ते नीट राहतं.

आणि तीन पेडलांच्या पट्टीचा विचार असेल तर आधी पियानोचं मॉडेल तपासा. यामाहाच्या पी-२२५ ला एलपी-१ जोडता येतं, रोलँडच्या एफपी-३०एक्स ला केएससी-७० स्टँडवर केपीडी-७०. पण पी-४५ सारख्या मॉडेलला तीन पेडलांची सोयच नाही. उगाच मागवाल आणि परत पाठवत बसाल.

गंगापूररोडकर

काका, मोजलं. ६६ सेंमी! स्टँड दोन खाचा वर घेतला, आता ७३ आहे. खुर्चीवर प्लाय आणि सतरंजीची घडी ठेवली. मध्यावरची खूण केली आणि पेडल ए-बीच्या खाली सरकवलं, नडगी लागत नाही. बोटभर अंतर राहतं फक्त, पण लागत नाही.

नवीन अडचण अशी की आता मी उंच बसल्यामुळे टाच जेमतेम टेकते. आणि लेकीचा पाय तर हवेतच. शिवाय तिच्या परीक्षेत तिला पेडल वाजवायचंय, आणि ती घरी अनवाणी वाजवते, परीक्षेला मात्र बूट असतील.

बाकी डीपी-१० बद्दल धन्यवाद जोशी, पण आधी फळी करते. सुतार आमच्या बिल्डिंगखालीच बसतो.

पायपेटीवाला

घरात पाट आहे का? जेवायला बसायचा लाकडी पाट. आडवा नको, उभा ठेवा, लांबी तुमच्याकडून पियानोकडे. त्यावर पेडल आणि टाच दोन्ही येतात का बघा. आलं तर तुमच्यासाठी वेगळ्या फळीची गरजच नाही. पाटाच्या खाली दोन पट्ट्या असतात त्यांना तीच जाळीची शीट चिकटवा. टाइलवर नाही, पाटाला. पाट चांदीच्या फुलांचा असेल तर सासूबाईंना विचारून.

लेकीला पाट पुरणार नाही. तिच्या पायाखाली जितकी उंची लागेल तितकी खोक्यासारखी पेटी करून घ्या, वर तीच बिडिंगची खोबण. नियम तोच, पेडल आणि टाच एकाच पातळीवरून वर गेली पाहिजेत. नुसतं पेडल उंचावर आणि टाच खाली लोंबकळतेय असं नको. डावा पायही त्याच पेटीवर टेकू द्या, नाहीतर उजवीकडे दाबताना पोर डावीकडे कलते आणि डाव्या हाताचे स्वर दबतात. पेटी उंच झाली की तिचा गुडघा पियानोच्या बुडाला लागत नाही ना, तेही बघा. आणि अजून पेडल येत नसलेल्या धड्यांनाही पायाखाली ही पेटी राहू दे. लटकत्या पायांनी बसलेल्या पोराला हात सैल सोडता येत नाहीत.

बुटांचं तुम्ही बरोबर ओळखलंत. हे कोणी सांगत नाही. घरी आपण अनवाणी, परीक्षेला बूट. बुटाच्या टाचेने पाऊल वर जातं आणि जाड तळव्यातून पेडल कुठे धरतंय ते कळत नाही. परीक्षेला जे बूट घालणार तेच घालून महिनाभर आधीपासून घरी वाजवू दे. बूट पातळ तळव्याचे, टाच कमी. मोजे घालून मात्र नको, पाय पेडलवरून सटकतो.

वायरचंही बघा. मागून सरळ जमिनीवर सोडली तर कुणाचा तरी पाय अडकतो आणि सॉकेटला हिसका बसतो. स्टँडच्या पायावरून वर न्या, दोन ठिकाणी वेल्क्रोच्या पट्टीने बांधा आणि पेडलपाशी वीतभर वळसा ढिला ठेवा. डबीतून वायर जिथे बाहेर पडते तिथेच ती आधी तुटते.

डोंबिवली_डीमायनर

मध्येच घुसतोय. मी दुसऱ्या कंपनीचं पेडल लावलं तर उलटंच झालं. पाय काढला की आवाज लांबतो, दाबला की तुटतो. पेडल खराब आहे का?

पायपेटीवाला

खराब नाही, उलट्या पोलॅरिटीचं आहे. काही कंपन्यांच्या पेडलमध्ये दाबल्यावर सर्किट जोडलं जातं, काहींच्यात तुटतं. पियानो बंद करा, पेडलची पिन घाला, पाय पेडलवरून बाजूला ठेवा आणि मग पियानो सुरू करा. बरेच पियानो सुरू होताना पेडल कुठल्या अवस्थेत आहे ते बघून घेतात. तरी नाही झालं तर पेडलच्या बुडाशी छोटा स्विच आहे का बघा, एम-ऑडिओच्या एसपी-२ ला असतो, तो दुसऱ्या बाजूला करा. स्विचही नसेल तर मॅन्युअलमध्ये पोलॅरिटीची सेटिंग शोधा.

सोपान_सोलो

काका, तुमचं नाव पायपेटीवाला का? पायपेटी वाजवता?

पायपेटीवाला

वाजवायचो, नाटकाच्या तालमींना. दोन्ही पाय भात्यावर सतत चालू, थांबलात की हवा संपली आणि गाणारा बुवा तुमच्याकडे बघतोय. तिथे पेडल घसरायचा प्रश्न नव्हता, ते पेटीलाच बसवलेलं. पण बैठकीचं गणित तेच. स्टूल अर्धी वीत खाली असलं तर तिसऱ्या अंकापर्यंत पोटऱ्यांत गोळे यायचे.

गंगापूररोडकर

पाट चालला! चांदीच्या फुलांचा नाहीये, साधा सागवानी आहे, त्यामुळे परवानगीची भानगड नाही. पेडल पाटाच्या पुढच्या कडेला आणि टाच मागे नीट मावते. पोरीच्या पेटीचं माप सुताराला दिलंय, शनिवारी देतो म्हणाला. त्याने विचारलं, देव्हाऱ्यासाठी का?