दान आहे का एफडी?

कृष्णाकाठ: काल एक पोस्ट फिरत होती, एकादशी म्हणजे पूर्वजांचं डिटॉक्स आणि दान म्हणजे पैशाची एनर्जी, दिलं की दुप्पट होऊन येतं. डोकंच फिरलं. डिटॉक्स पाहिजे तर डाएटिशियनकडं जा की, विठोबाला कशाला मधी घेता? आपण जेवलो नाही त्या दिवशीचं आपल्या वाटचं दुसऱ्याच्या ताटात गेलं पाहिजे, नाहीतर उपास अर्धाच. आणि गीतेच्या १७ व्या अध्यायात स्पष्ट आहे, जो परतफेड करणार नाही त्याला द्यायचंच म्हणून दिलं ते सात्त्विक, काहीतरी परत मिळावं म्हणून दिलं ते राजस. दुप्पट म्हणे!

फलटणवाली: पोस्ट भंकस, मान्य. पण "उपास अर्धा" हे कुठल्या अध्यायात आहे दादा? माझ्या आईनं जन्मभर सोमवार धरले, घरात द्यायला होतं काय? तिचे सगळे अर्धे? माऊलींची पालखी आली की आमच्याकडं वारकरी जेवतात, त्या दिवशी कुणाचाच उपास नसतो. दोन्ही वेगळं आहे, उगा गाठ मारू नका.

मिरजेचा टवाळ: उपास करतंय कोण पण? साबुदाणा, बटाटा, मिरची, शेंगदाणे, सगळी पिकं अमेरिकेतनं आलेली, ज्ञानेश्वरांच्या काळात यातलं एकपण नव्हतं. आणि आमच्या शेजारी खिचडीत कोथिंबीर घातली म्हणून सासूनं सूनबाईला अख्खी कढई परत करायला लावली 😂

कोरेगावचे आबा: कोथिंबीर चालतच नाही. जिरं चालतं.

मिरजेचा टवाळ: कुणी ठरवलं आबा? रताळं परदेशी चालतं आणि दारातली कोथिंबीर बाटते?

कोरेगावचे आबा: घरची रीत म्हणून असते. तुम्हा पोरांना फक्त टिंगल येते.

फलटणवाली: आमच्यात हळद चालत नाही, जिरं-कोथिंबीर दोन्ही चालतं. झालं? मूळ मुद्द्यावर या.

सांगलीवाडी: मुद्दा मी सांगतो. ऑगस्ट २०१९ चा महापूर, श्रावण चालू, आम्ही गच्चीवर. बोटीतनं चपात्या आल्या, कुणी केल्या आजतागायत माहीत नाही. आजीचा सोमवार, तिनं तिच्या वाटणीची शेजारच्या पोराला दिली. आम्ही तिच्यावर ओरडलो, या वयात कसला उपास धरतीस, तर म्हणाली मला तसंही खायचं नव्हतं. आणि पाणी उतरल्यावर आले बॅनरवाले, फाटक्या साड्या, एकानं तर लग्नातला कोट दिला, चिखल काढायला! वर फोटोला हसा म्हणे. कृष्णाकाठचं बरोबर आहे.

फलटणवाली: आजींना दंडवत. पण त्यांच्याकडं द्यायला चपाती तरी होती, माझ्या आईचं काय ते सांगा.

कृष्णाकाठ: ताई, मी नसणाऱ्यांबद्दल बोलतच नव्हतो, अधिकात जावयाला ३३ अनारसे आणि चांदीची वाटी देऊन दान केलं म्हणणाऱ्यांबद्दल बोलत होतो.

फलटणवाली: मग आधी तसं लिहायचं. आणि जावई परतफेड करत नाही, म्हणजे तुमच्या हिशोबानं सात्त्विकच की 😏

कोरेगावचे आबा: अनारशावर बोलायचं काम नाही. आणि ते कोथिंबिरीचं, घरात विचारलं, ही म्हणते पूर्वीपासून घालते. मला कधी दिसली नाही.