मदत हवी आहे : साखिर २०२० मधले 'अनपेक्षित' तीन ड्रायव्हर कसे निवडायचे?

हिरवा झेंडा

नमस्कार मंडळी,

आमचा फॉर्म्युला वन बघणाऱ्यांचा एक छोटा गट आहे. ऑगस्टच्या सुट्टीत शर्यती नसतात, तेव्हा आम्ही एखादी जुनी शर्यत लावतो. संपली की प्रत्येकाने तीन नावं द्यायची, ज्यांच्याकडून फारशी अपेक्षा नव्हती आणि तरी ज्यांनी कमाल केली अशांची. पहिल्या नावाला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. एरवी हे चहा होईपर्यंत उरकतं. यंदा ६ डिसेंबर २०२०ची साखिर ग्रां प्री लावली आणि गट दुभंगायची वेळ आली.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हॅमिल्टनला कोविड झाला म्हणून मर्सिडीजने विल्यम्स संघाचा जॉर्ज रसेल बोलावून घेतला. बहरीनच्याच ट्रॅकचा बाहेरचा, ३.५४३ किलोमीटरचा छोटा मार्ग, ८७ लॅप (फेऱ्या). पहिल्याच लॅपला लेक्लेर पेरेझवर आदळला, त्यात लेक्लेर आणि व्हर्स्टापेन दोघेही बाद, पेरेझ सगळ्यांच्या मागे. शेवटी निकाल काय, तर पेरेझ पहिला, ओकॉन दुसरा, स्ट्रोल तिसरा. आणि बराच वेळ आघाडीवर असलेला रसेल नववा, कारण पिटमध्ये (गाडी थांबवून टायर बदलायची जागा) मर्सिडीजने त्याला चुकीचे टायर लावले आणि पुढे एका टायरची हवाही गेली.

आता अडचणी.

जिंकलेला माणूस 'अनपेक्षित'मध्ये धरायचा का? अर्ध्या गटाचं म्हणणं, शेवटच्या जागेवरून पहिला आला, आणखी काय हवं. नववा आलेला रसेल पहिल्या क्रमांकाला टाकला तर चालेल का? आणि मर्सिडीजच्या पिटमधल्या घोळामुळे ज्यांचं फावलं त्यांचं कौतुक किती करायचं?

काहीतरी नियम सुचवा. नावंही सांगा, पण कारणासकट. "मला आवडतो म्हणून" आमच्याकडे भरपूर झालंय.

---

चौथं वळण

पेरेझ. विषय संपला.

आदल्याच आठवड्यात त्याच ट्रॅकवर तिसरा चालला होता आणि तीन लॅप राहिले असताना इंजिन गेलं. पुढच्या वर्षी त्याची जागा व्हेटेलला दिली होती, हातात दुसरी गाडी नव्हती. अशा माणसाने १९०व्या शर्यतीत पहिला विजय मिळवला. तोवर पहिल्या विजयासाठी इतकं कुणीच थांबलं नव्हतं. मेक्सिकोच्या ड्रायव्हरचा त्याआधीचा विजय १९७० सालचा, पेद्रो रॉड्रिगेझचा. यापेक्षा अनपेक्षित काय असतं हो?

---

वेगवेडी

@चौथं वळण, पेरेझ त्या दिवशी सगळ्यात भारी होता हे मान्य. पण अनपेक्षित? त्या मोसमात कोविडमुळे दोन शर्यती हुकूनही तो गुणतक्त्यात चौथा आला. तीन आठवडे आधी तुर्कस्तानात दुसरा होता. साखिरला पाचव्या जागेवरून सुटला. असा माणूस चांगली गाडी चालवेल हे अपेक्षितच होतं. अनपेक्षित होता तो निकाल, ड्रायव्हर नव्हे. धागाकर्त्यांचा सगळा गोंधळ इथेच आहे असं मला वाटतं.

माझी कसोटी साधी आहे. तीच गाडी चालवणारा जोडीदार त्या दिवशी काय करत होता ते बघायचं. आणि एरवी या दोघांत कोण वरचढ असतं तेही बघायचं. एरवी मागे असणारा त्या दिवशी पुढे गेला तर तो अनपेक्षित.

या कसोटीवर एस्तेबान ओकॉन सगळ्यात वर येतो. २०१९ सालभर त्याच्याकडे गाडी नव्हती. २०२० मध्ये रेनॉल्टमध्ये आला तर शेजारी रिकार्डो, आणि रिकार्डोने त्याला मोसमभर झाकून टाकलं होतं. साखिरला रिकार्डो सातव्या जागेवरून सुटून पाचवा आला. ओकॉन अकराव्या जागेवरून, एकाच पिट स्टॉपवर टायर जपत जपत दुसरा. त्याचा पहिलाच पोडियम (पहिल्या तिघांत येणं). टीव्हीवर तो फारसा दिसतही नाही, म्हणून मतं मिळत नाहीत.

स्ट्रोल मात्र याच कसोटीवर गळतो. दहावरून तिसरा हे दिसायला छान, पण त्याचाच जोडीदार पेरेझ शेवटच्या जागेवरून येऊन त्याच्या पुढे गेला.

---

जुना टायर

जोडीदाराची कसोटी मलाही पटते. आमच्या पिढीचं उदाहरण देतो, कारण आपल्याला ते जवळचं आहे.

स्पा, २००९. फोर्स इंडियाचं दुसरं वर्ष, तोवर खात्यावर एकही गुण नाही. आणि जियानकार्लो फिसिकेला चक्क पोलवर (सुटताना सगळ्यांच्या पुढे)! रविवारी रायकोनेनच्या मागे एका सेकंदापेक्षाही कमी अंतराने दुसरा. तेव्हा पुष्कळ जण म्हणाले, गाडीला तो ट्रॅक मानवला, त्यात ड्रायव्हरचं काय? पण तीच गाडी घेऊन सुटिल अकरावा आला. मग गाडी कितीशी मानवली? पुढच्या शर्यतीला फेरारीने फिसिकेलाला उचललं आणि त्यांच्या गाडीत तो नववा आला. म्हणजे स्पाला गाडी आणि माणूस यांचा मेळ बसला होता, एवढंच.

जाता जाता, साखिरला पेरेझ जी गाडी घेऊन जिंकला तो संघ म्हणजे त्याच फोर्स इंडियाचा वारस. २०१८ मध्ये मल्ल्यांचा संघ कर्जात बुडाला, स्ट्रोलच्या वडिलांनी इतर गुंतवणूकदारांसोबत तो घेतला, नाव बदलून रेसिंग पॉइंट झाला. सिल्व्हरस्टोनचा कारखाना तोच. आपलं नाव गाडीवर होतं तोवर सहा पोडियम झाले, त्यातले पाच पेरेझचे, विजय मात्र एकही नाही. नाव गेलं आणि दोन वर्षांत विजय आला. असो, अवांतर झालं.

---

चौथं वळण

काका, अवांतर कसलं, यावर वेगळा धागाच काढा.

पण वेगवेडीताई, तुमच्या कसोटीत एक भोक आहे. ओकॉन दुसरा आला त्यात दोन मर्सिडीज मागे गेल्या म्हणून दोन जागा फुकट मिळाल्या. व्हर्स्टापेन पहिल्या लॅपला बाद, तीही एक. ते कुठे वजा केलंत?

---

पिटभिंत

वजाबाकी करूनच बघू. ही शर्यत मी बऱ्याचदा पाहिली आहे (घरचे वैतागलेत).

६१व्या लॅपला शेवटच्या वळणावर एटकेनची विल्यम्स फिरली, पुढचा पंख तुटून ट्रॅकवर पडला आणि सगळा गोंधळ तिथून सुरू झाला. चित्र तिथेच थांबवा. पुढे रसेल, मग मर्सिडीजमधला त्याचा जोडीदार बोटास, मग पेरेझ, ओकॉन, स्ट्रोल. म्हणजे मर्सिडीजने काहीच चूक केली नसती तरी पेरेझ तिसरा आणि ओकॉन चौथा होता. एक शेवटच्या जागेवरून तिसरा, दुसरा अकरावरून चौथा. नशीब काढून टाकलं तरी हे उरतं. त्यामुळे 'फुकटचा विजय' म्हणणाऱ्यांना माझा साफ विरोध.

आता रसेल. त्याचा नववा क्रमांक बघूच नका. विल्यम्समध्ये त्याला तोवर एकही गुण मिळाला नव्हता. मर्सिडीजची गाडी हॅमिल्टनच्या मापाची, रसेल उंच, पायाचं माप ११. पेडलपाशी पाय मावेना म्हणून एक माप लहान बूट घालून त्याने ती चालवली. शुक्रवारच्या दोन्ही सरावांत पहिला. पात्रता फेरीत (सुटायची जागा ठरवणारी शनिवारची फेरी) बोटासच्या मागे फक्त ०.०२६ सेकंदाने. रविवारी सुटल्या सुटल्या बोटासच्या पुढे. बोटास त्या संघात २०१७ पासून होता हे लक्षात घ्या.

मग पिटमध्ये त्याला बोटासचे पुढचे टायर लावले गेले. रेडिओ ऐन वेळी दगा देऊन गेला आणि सगळ्या कर्मचाऱ्यांपर्यंत निरोपच पोचला नाही. चुकीचे टायर काढायला पुन्हा पिटमध्ये. बाहेर आला तो पाचवा. बोटासला बाहेरच्या बाजूने मागे टाकलं, स्ट्रोल आणि ओकॉन गेले, पेरेझ टप्प्यात आला आणि टायरची हवा जायला लागली! तिसऱ्यांदा पिट. तिथून नववा, वर सर्वांत वेगवान लॅप. एकूण ३ गुण, त्याचे कारकिर्दीतले पहिले.

जोडीदाराची कसोटी म्हणता ना? मग रसेल एक नंबर, ओकॉन दोन.

---

वेगवेडी

+१. हे मान्य. फक्त मर्सिडीजची गाडी कुणालाही वेगवान करते असं काही जण म्हणतील. त्यांना बोटास दाखवा.

---

गॅसवर दूध

मी नवीन आहे, हसू नका. लेक्लेरचं काय? त्या वर्षी फेरारी किती वाईट होती, तरी चौथ्या जागेवरून सुटला. त्याचा जोडीदार व्हेटेल तेराव्या. शनिवारचं यात धरत नाहीत का?

---

जुना टायर

हसायचं कशाला, चांगला प्रश्न आहे. शनिवारचा लॅप खरंच अप्रतिम होता. पण रविवारी चौथ्या वळणावर त्यानेच पेरेझला ठोकलं आणि पुढच्या शर्यतीसाठी तीन जागांची शिक्षा घेतली. शर्यतीचं मत शर्यतीलाच द्यावं. शनिवारसाठी हवं तर वेगळं खातं उघडा.

---

हिरवा झेंडा

सगळ्यांचे आभार. काल रात्री हे सगळं गटात वाचून दाखवलं. पुढीलप्रमाणे ठरलं आहे.

'त्या दिवशीचा सर्वोत्तम' आणि 'अनपेक्षित' ही दोन वेगळी मतं. पहिल्यात पेरेझ बिनविरोध. दुसऱ्यासाठी वेगवेडींची जोडीदाराची कसोटी, आणि वाद झाला तर पिटभिंत यांनी केलं तसं मोठ्या गोंधळाच्या आधी चित्र थांबवायचं. सेफ्टी कारचा (अपघातानंतर सगळ्यांचा वेग आवरायला येणारी गाडी) फायदा घ्यायलाही डोकं लागतं असं एकाचं म्हणणं होतं, त्यामुळे फुकट मिळालेल्या जागा पूर्ण वजा न करता त्यांना निम्मी किंमत द्यायची.

फेरमतदानात रसेल पहिला, ओकॉन दुसरा. तिसऱ्या जागेवर नॉरिस आणि क्वियाट यांची बरोबरी झाली आहे. नॉरिस १९व्या जागेवरून दहावा आला. क्वियाट सहाव्यावरून सुटून सातवा, पण त्याचा जोडीदार गॅसली अकरावा. या दोघांत कोण ते सांगा, म्हणजे तक्ता बंद करतो. पुढच्या रविवारी सिल्व्हरस्टोन २०२५ लावणार आहोत.

---

पिटभिंत

क्वियाट. नॉरिस मागून सुटला तो इंजिनाचे भाग बदलल्याच्या शिक्षेमुळे, आणि त्याचा जोडीदार साइन्झ चौथा आला. तुमच्याच नियमाने तो बाद होतो.

---

चौथं वळण

क्वियाटला माझंही मत. आणि सिल्व्हरस्टोन २०२५ ला मतदान कशाला घेताय? हुल्केनबर्ग, सॉबर, १९व्या जागेवरून तिसरा, २३९व्या शर्यतीत पहिला पोडियम. आता यात कोण काय वजा करणार आहे ते बघतोच.

---

वेगवेडी

मी करणार आहे. पाऊस होता आणि त्याचे पिट स्टॉप नेमक्या लॅपला झाले. चित्र कुठे थांबवायचं ते आधी ठरवा, मग बोलू.