मदत हवी आहे: ‘ड्रॅक्युला’तील नेमका कोणता प्रसंग दाखवावा?

आमच्या चित्रपट मंडळात फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या ‘ब्रॅम स्टोकर्स ड्रॅक्युला’ (१९९२) या चित्रपटावर मला दहा मिनिटे बोलायचे असून, त्यात तीन-चार मिनिटांचा एकच प्रसंग दाखवता येईल. एइको इशिओका यांची ऑस्करविजेती वेशभूषा, विशेषतः सोललेल्या स्नायूंसारखे दिसणारे ते लाल चिलखत, आणि दुहेरी छायांकन, उलटे चित्रीकरण, छोट्या प्रतिकृती अशा जुन्या युक्त्यांतून कॅमेऱ्यातच साधलेली दृश्ये हे त्याचे बळ आहे, याविषयी मला शंका नाही. मात्र ड्रॅक्युलाची नायिका मीनाबरोबरची पूर्वजन्मीची प्रेमकथा, जी १८९७ च्या मूळ कादंबरीत नाहीच, मधल्या भागात भयाची धार बोथट करते. कियानू रीव्हज यांच्या ब्रिटिश उच्चारांविषयी तर न बोललेलेच बरे.

ड्रॅक्युलाची सावली त्याला न जुमानता भिंतीवर हलते, तो गढीतील प्रसंग मी निवडून पाहिला. पण तेथे केवळ बळच दिसते. श्रोत्यांपैकी बहुतेकांनी कादंबरी वाचली आहे, चित्रपट पाहिलेला नाही, त्यामुळे शेवट दाखवायचा नाही. रक्तपाताला हरकत नाही. दृश्यांचा देखणेपणा आणि कथेचा ढिलेपणा एकत्रच जाणवेल, असा कोणता प्रसंग आपण सुचवाल?