परदेशातला नाताळ: २४ तारखेला तुम्ही कुणाच्या घरी होतात? (बडोदेकरांचे अनुभव)

डिसेंबर उजाडला की बडोद्यात परदेशस्थांची वर्दळ सुरू होते. कमुरता (धनुर्मास) लागायच्या आत उरकायची लग्नं, रावपुऱ्यात दुलीरामच्या पेढ्यांसाठी गर्दी, खंडेराव मार्केटात ऊंधियूची पापडी निवडणाऱ्या, वर्षभराने माहेरी आलेल्या लेकी. सयाजीराव महाराज १८८७ साली पहिल्यांदा युरोपला गेले, तेव्हापासून या गावाला परदेश नवा नाही. दांडिया बाजार, वाडी, रावपुरा, कुठल्याही मराठी घरात विचारा, कुणी ना कुणी बाहेर असतंच.

पण मला विचारायचंय ते या डिसेंबरात न आलेल्यांना. रोषणाईचे फोटो आम्ही इथे बसून बघतो, छान वाटतात. पण तिकडे राहिलेल्यांकडून ऐकलंय की २४ ची दुपार टळली की रस्ते ओस पडतात. आपली दिवाळी अंगणात, गच्चीवर, रस्त्यावर असते; त्यांचा नाताळ दार लावून आत असतो. आत बोलावणारं कुणी नसेल तर त्या दोन दिवसांत माणूस फार एकटा पडतो. म्हणून सांगा, तुम्हाला कुणी बोलावलं? काय वाढलं? तुम्ही काय नेलंत? आणि पुढे तुम्ही कुणाला बोलावलंत? माझी लेक जर्मनीत असते, पहिलं तिलाच लिहायला लावलंय.

स्टुटगार्टहून (माहेर दांडिया बाजार)

इथे नाताळ एका दिवसाचा नसतोच. आधीचे चार रविवार अ‍ॅडव्हेंटचे. टेबलावर हिरव्या फांद्यांचं कडं, त्यात चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची. मुलांसाठी २४ खिडक्यांचं कॅलेंडर, रोज सकाळी एक खिडकी उघडायची. ५ तारखेच्या रात्री मुलं बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवतात आणि ६ ला सकाळी त्यात संत निकोलाउसने ठेवलेले अक्रोड, संत्री, चॉकलेटं सापडतात. माझा मुलगा एरवी बूट जागेवर ठेवेल तर शपथ, पण त्या रात्री ब्रश मागून घेतो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहायच्या. लिफ्टमध्ये भेट झाली की हवापाण्याचं बोलणं, इतकीच ओळख. एका डिसेंबरात त्यांनी मला बिस्किटं करायला खाली बोलावलं. व्हॅनिलाकिप्फर्ल म्हणतात त्यांना. मैदा, लोणी, साखर आणि बदामाची पूड. त्यांच्या पद्धतीत अंडं नव्हतं. पीठ गार करायचं, बोटभर वळी करून तिला चंद्रकोरीचा बाक द्यायचा, फिकटच भाजायची आणि गरम असतानाच व्हॅनिलाच्या साखरेत घोळवायची. गरमपणी इतकी नाजूक असते की हात जरा जड पडला की मोडलीच. मोडलेल्या आजी वेगळ्या बशीत काढायच्या, त्या करणाऱ्यांनी खायच्या. जिभेवर ठेवली की आपल्या नानखटाईसारखी विरघळते.

त्याच वर्षी २४ ला त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. दुपारी दोनच्या सुमारास दुकानं बंद झाली आणि गल्लीत चिटपाखरू उरलं नाही. त्या संध्याकाळचं जेवण बऱ्याच घरांत अगदी साधं असतं, बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज. मेजवानीचा थाट दुसऱ्या दिवशी. आमच्या या श्वाबेन भागात सॅलडात मेयोनेज घालत नाहीत, उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या गरम रश्श्यात मुरवतात, आणि तो रस्सा मांसाचा असतो. आजींनी आमच्यासाठी भाज्यांचा रस्सा काढून निराळं सॅलड केलं होतं. मी त्यांना कधीही सांगितलं नव्हतं; आम्ही शाकाहारी आहोत हे त्यांनी आमच्या बोलण्यातून टिपून ठेवलं होतं. मी घरी केलेला लीलो चेवडो नेला होता. बटाटा त्यांच्या ओळखीचा, हरभऱ्याची डाळ नवी. लिंबू आहे का म्हणून विचारलं आणि पुन्हा वाढून घेतला.

त्यांच्या झाडावर खऱ्या मेणबत्त्या असायच्या, चिमट्याने फांदीला लावलेल्या. शेजारी पाण्याने भरलेली बादली. आधी सगळ्यांनी बाहेर थांबायचं, आतून घंटी वाजली की मुलांनी यायचं, तोवर ख्रिस्तकिंड, म्हणजे बाळ येशू, भेटी ठेवून गेलेलं असतं.

आता आजी लेकीच्या गावी राहायला गेल्या. २४ ची संध्याकाळ आमच्याकडे असते. आम्ही बादली ठेवतो, पण मेणबत्त्या टेबलावरच, झाडावर नाही.

वाडीहून एक काकू

मेयोनेजशिवायचं हे सॅलड मला करून बघायचंय. रश्श्यात काय काय घालायचं?

स्टुटगार्टहून

काकू, गाजर, कांदा, सेलरी घालून पातळ रस्सा काढा. त्यात व्हिनेगर, मोहरीची चटणी, मीठ-मिरी. बटाटे सोलून गरम असतानाच चकत्या करून त्यावर ओता, तेल सगळ्यात शेवटी. तासभर मुरू द्या. गार झालेला बटाटा रस्सा नीट पीत नाही.

क्राकोवहून (शिक्षणासाठी; घर मांजलपूर)

ताई, तुमच्या आजींबद्दल वाचून मला लिहावंसंच वाटलं. पोलंडमध्ये २४ च्या जेवणाला विगिलिया म्हणतात. आकाशात पहिला तारा दिसल्याशिवाय कुणी जेवायला बसत नाही, आणि इथे चारच्या आतच दिवस मावळतो, त्यामुळे मुलं दुपारीच खिडकीला नाक लावून उभी असतात. टेबलक्लॉथखाली थोडं वाळलेलं गवत पसरतात, येशूचा जन्म गोठ्यात झाला म्हणून. आणि टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात. अवचित कुणी दारात आलं तर त्याच्यासाठी.

माझ्या वर्गातल्या मुलाने मला घरी नेलं ते ठरवून, त्यामुळे माझं ताट वेगळं मांडलेलं होतं आणि ते जास्तीचं ताट तरीही रिकामं होतंच. मला वाटलं अजून कुणी यायचंय. त्याच्या आईने सांगितलं, नाही, ते असंच राहील, दरवर्षी.

जेवणाआधी ओप्वातेक नावाची कागदासारखी पातळ, पांढरी, छाप उठवलेली वेफर प्रत्येकाच्या हातात देतात. मग एकेकाजवळ जायचं, त्याच्या वेफरचा तुकडा मोडून घ्यायचा, आपला त्याला द्यायचा आणि येत्या वर्षासाठी त्याला काय हवं ते बोलायचं. घाई नाही. त्याची आजी माझ्यासमोर आली, तिला इंग्रजी येत नव्हतं, मला पोलिश जेमतेम. ती माझा हात धरून बराच वेळ बोलली. मुलाने नंतर सांगितलं, तुझ्या आईला तुझी काळजी वाटू नये असं ती म्हणाली.

शाकाहाऱ्यांसाठी मोठी सोय म्हणजे त्या दिवशी मांस नसतं, फक्त मासे. बारा पदार्थ करायची रीत आहे: बीटचं आंबटसर सूप, कोबी-मशरूम भरलेले पिएरोगी, खसखशीचा रोल. मी कार्प माशाला नको म्हटलं, पण बाकी सगळं पोटभर जेवलो.

बर्मिंगहॅमहून (डॉक्टर, माहेर रावपुरा)

इंग्लंडात २५ डिसेंबरला रेल्वे बंद असते, बसही बहुतेक नसतात. आम्हा भारतीय डॉक्टरांत एक न लिहिलेला करार चालत आलाय: नाताळची ड्यूटी आम्ही घेतो, दिवाळीला रजा आम्हाला मिळते. त्यामुळे माझे बरेच नाताळ वॉर्डात गेलेत आणि ते मी कुणाला द्यायला तयार नाही.

त्या दिवशी घरी पाठवता येतील तेवढे रुग्ण पाठवलेले असतात. उरतात ते खरे आजारी, आणि काही असे की घरी त्यांचं कुणीच नाही. दुपारी ट्रेमधून टर्की, भाजलेले बटाटे, ब्रसेल्स स्प्राउट्स येतात. दोघांनी दोन टोकं धरून फटाका ओढायचा, चटकन आवाज होतो आणि आतून कागदी मुकुट निघतो. तो सगळे घालतात, सलाइन लावलेले आजोबासुद्धा. तीन वाजता राजाचं भाषण टीव्हीवर लागतं तेव्हा कुणी बोलत नाही. एका आजोबांनी फटाक्याचं दुसरं टोक धरायला मलाच बोलावलं, कारण भेटीच्या वेळेत त्यांच्याकडे कुणी आलं नव्हतं. तुम्ही विचारलंत ना कुणी बोलावलं, तर हे.

२०२३ साली दत्तजयंती २६ डिसेंबरला, नेमकी बॉक्सिंग डेला आली होती. आमच्या घरी गरुडेश्वरची वारी आजोबांपासूनची, टेंबेस्वामींवर सगळ्यांची श्रद्धा. ड्यूटी संपवून आले, सुंठवडा केला, संध्याकाळी दत्तजन्म केला. शेजारचं इंग्रज जोडपं आरतीला येऊन बसलं, त्यांनी आणलेले सुक्या मेव्याचे मिन्स पाय प्रसादाशेजारी ठेवले. सुंठवडा त्यांना तिखट लागला, पण खोकल्याला बरा म्हणून डबीत भरून नेला.

स्टॉकहोमहून

आमच्याकडे नाताळपेक्षा मनात राहतो तो १३ डिसेंबर, संत लुसियाचा दिवस. या दिवसांत सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि तीनच्या आत मावळतो. अशा काळोख्या सकाळी शाळेतली मुलं पांढरे पायघोळ झगे, कमरेला लाल फीत अशी ओळीने गात येतात. पुढच्या मुलीच्या डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट, लहान वर्गांत बॅटरीचा. मुलगे टोकदार टोप्या घालून हातात तारे धरतात. पालक सकाळी कामावर जायच्या आधी कोटासकट उभे.

त्या दिवशी केशराचे पाव करतात, इंग्रजी एसच्या आकाराचे, दोन्ही वेटोळ्यांत एकेक मनुका. इथे केशर दुकानात काउंटरवर मागून घ्यावं लागतं, अर्ध्या ग्रॅमची पुडी. सासूबाई बडोद्याहून आल्या होत्या तेव्हा त्यांनी केशर कोमट दुधात खलून घातलं, श्रीखंडाला घालतात तसं. रंग असा चढला की शाळेच्या खाऊच्या टेबलावर आमचं ताट सगळ्यात आधी रिकामं झालं.

कारेलीबागेतले एक आजोबा

सगळं वाचलं. मनापासून आवडलं, पण एक विचारतो. नातवंडं टोरांटोत आहेत. झाड, सांता, भेटी यांत ती इतकी रमतात की दिवाळी त्यांना शनिवार-रविवारचा कार्यक्रम वाटते. तुमच्या मुलांचं काय?

बर्मिंगहॅमहून

काका, हा प्रश्न आमच्याही घरात दरवर्षी निघतो. मला एवढं दिसलंय की दिवाळी शनिवारवर ढकलली की मुलांच्या दृष्टीने ती दुय्यम होते. आम्ही नरकचतुर्दशीला शाळेआधी, अंधार असतानाच अभ्यंगस्नान घालतो, मग भले उठवताना रडारड होवो. फराळाची ताटं मुलांच्या हाती शेजारी पाठवतो. नाताळ कमी करून दिवाळी मोठी होत नाही, ती त्याच दिवशी, त्याच वेळी करावी लागते. सुट्टी मिळत नाही हे खरंय, पण पहाटेला सुट्टी लागत नाही.

मेलबर्नहून

आमचं अगदी उलटं. डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा, मुलांना मोठी सुट्टी, आणि बाजारात आंबे! २५ ला शेजाऱ्यांच्या परसात थंड कोळंबी, हॅम, पाव्हलोव्हा (अंड्याच्या पांढऱ्याचा गोड केक) असा बेत असतो. मी आमरसाचं पातेलं नेते. पाव्हलोव्हावर क्रीमऐवजी आमरस घालून घेणारी तीन घरं आमच्या गल्लीत झालीत. दुसऱ्या दिवशी बॉक्सिंग डे कसोटी, मग तर सगळे एकाच घरात.

ओसाकाहून

जपानात २५ ला सुट्टीच नसते, ऑफिस चालू. लोक तळलेलं चिकन आधीपासून नोंदवून ठेवतात, ते आणि स्ट्रॉबेरीचा क्रीम केक, झाला नाताळ. घरच्यांचा खरा सण नवं वर्ष. ३१ च्या रात्री सोबा नावाच्या शेवया खातात, ते मला माझ्या घरमालकीणबाईंनी बोलावून वाढलं.

धागा काढणारी

कारेलीबागेच्या काकांचा प्रश्न मोठा आहे, त्यावर अजून लिहा. पण त्याआधी एक काम करूया. क्राकोवच्या मुलासारखी आपली कितीतरी पोरं यंदा पहिल्यांदा बाहेर आहेत. ज्यांच्याकडे २४-२५ ला जागा आहे त्यांनी खाली शहर, माणसं किती चालतील आणि जेवण शाकाहारी की कसं एवढंच लिहावं. ज्याला यायचंय त्याने तिथेच उत्तर द्यावं, पत्ता आपसांत कळवा.

स्टुटगार्टहून

स्टुटगार्ट. सहाजण बसतील. सगळं शाकाहारी. संध्याकाळी सहाला.

बर्मिंगहॅमहून

२५ ला मी वॉर्डात. २६ ला कुणीही या.

क्राकोवहून

स्टुटगार्टच्या ताई, यंदा मी येऊ का? येताना ओप्वातेक आणतो.

स्टुटगार्टहून

ये. आणि तुझा बारावा पदार्थ कोणता तेही सांग, मी आमच्या टेबलावरचे अकरापर्यंत मोजलेत.